मासा, घराणे, जहाज : कॅप्टन हॅडॉकच्या नावाचा शोध

‘हॅडॉक’ हा शब्द इंग्रजी कोशात काढला तर पहिला अर्थ माशाचा मिळतो. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला, कॉडच्या कुळातला हा मासा. अंगाच्या बाजूने गेलेली काळी रेघ आणि कल्ल्यामागे बोटाच्या ठशासारखा काळा डाग ही त्याची खूण. चरित्रकोशात हाच शब्द काढला तर इंग्लंडच्या आरमारातले एक घराणे भेटते. युद्धनौकांच्या याद्यांत अमेरिकेच्या दोन पाणबुड्या सापडतात. जगभरच्या वाचकाला विचारले, तर मात्र तो यांतले काहीच सांगत नाही. निळा स्वेटर घातलेला, काळ्या दाढीचा, तोंडाने शिव्यांची लाखोली वाहणारा एक दर्यावर्दी त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तो म्हणजे टिनटिनच्या चित्रकथांतला कॅप्टन हॅडॉक.

चित्रकथांतली नावे हशा पिकवण्यापुरती असतात, त्यांच्यामागे फार शोधण्यात अर्थ नाही, असा एक समज आहे. टिनटिनच्या बाबतीत तर तो अधिकच पक्का आहे, कारण या मालिकेतली कितीतरी नावे उघड उघड कोट्या आहेत. हॅडॉकच्या नावाचा प्रवास तपासला तर हा समज टिकत नाही. स्वयंपाकघरातल्या एका गमतीतून आलेले हे नाव दोन-तीन वर्षांत एका घराण्याचे नाव झाले, आणि त्या घराण्याबरोबर एक जहाज आणि एक वाडाही कथेत आला. त्याच लेखकाने त्याच काळात दिलेले दुसरे एक नाव मात्र आयुष्यभर त्याला चिकटून राहिलेला डाग ठरले. ही दोन नावे शेजारी ठेवली, की कथेत नाव काय काम करते हे दिसते. भाषांतरकाराने नावाला कुठे हात लावावा आणि कुठे लावू नये, याचेही उत्तर तिथेच मिळते.

१. ताटातला मासा

टिनटिनचा कर्ता एर्जे. हे नावच मुळी उलटापालटीतून आलेले आहे. ज्यॉर्ज रेमी या मूळ नावाची आद्याक्षरे उलटी करून फ्रेंच उच्चाराने म्हटली की ‘एर-जे’ होते. अशा माणसाने नावाशी खेळावे यात नवल नाही. हॅडॉकच्या नावाविषयी त्याचे चरित्रकार एक हकिकत सांगतात. नव्या पात्रासाठी नाव शोधत असताना एर्जेने पत्नी जर्मेनला जेवायला काय केले आहे असे विचारले. ती म्हणाली, हॅडॉक. आणि तो एक उदास इंग्रजी मासा आहे, अशी त्याची ओळखही तिने करून दिली. नाव ठरले.

ही हकिकत गंमत म्हणून सांगितली जाते आणि तिथेच सोडली जाते. पण तिच्यात भाषेची एक खोच आहे. फ्रेंचमध्ये जिवंत किंवा ताज्या हॅडॉकला ‘हॅडॉक’ म्हणत नाहीत. त्याला ‘एग्लफँ’ म्हणतात. ‘हॅडॉक’ हा इंग्रजी शब्द फ्रेंचांनी घेतला तो फक्त धुरी दिलेल्या माशासाठी. मराठी वाचकाला हे सहज समजावे. आपल्याकडेही कोलंबी वाळली की तिचे सोडे होतात आणि जवळ्याचे सुकट. मासा तोच, पाण्यातून वाळवणावर गेला की नाव बदलते. तेव्हा फ्रेंच वाचकाच्या कानाला ‘कॅप्टन हॅडॉक’ या शब्दांतून समुद्रात सळसळणारा मासा ऐकू येत नाही. पाण्यातून केव्हाच बाहेर काढलेला, मीठ आणि धूर खाऊन टिकवलेला मासा ऐकू येतो. (या धुरी दिलेल्या हॅडॉकचा आपल्याशीही एक जुना संबंध आहे. आपली खिचडी इंग्रजांबरोबर विलायतेला गेली, तिथे तिची ‘केजरी’ झाली, आणि डाळ जाऊन तिच्यात हाच मासा पडला.)

आता कॅप्टनचा पहिला प्रवेश पाहावा. ‘सोनेरी नांग्यांचा खेकडा’ असे ज्या कथेचे नाव मराठीत करता येईल, ती १९४० च्या ऑक्टोबरपासून ‘ल स्वार’ या ब्रसेल्सच्या दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत येऊ लागली. खेकड्याच्या मांसाच्या डब्यांतून अफू पळवली जात आहे, हे तिचे सूत्र. टिनटिन ‘कराबूजान’ नावाच्या जहाजावर कैद होतो आणि सुटकेच्या धडपडीत एका केबिनमध्ये शिरतो. तिथे त्या जहाजाचा कॅप्टन दारूच्या नशेत रडत बसलेला आहे. जहाज प्रत्यक्षात चालवतो त्याच्या हाताखालचा ॲलन. कॅप्टनला व्हिस्की पुरवत राहायचे आणि मागच्या मागे अफूची ने-आण करायची, असा त्याचा डाव आहे.

सगळी कथाच खोट्या लेबलांची आहे. डब्यावर खेकडा आणि आत अफू. तसेच दारावर ‘कॅप्टन’ आणि आत एक असहाय दारुडा. पुढे तर हा दर्यावर्दी सहाराच्या वाळवंटात जाऊन पडतो. तहानेने व्याकूळ होऊन त्याला समोरचा टिनटिन शॅम्पेनची बाटली वाटू लागतो आणि तो तिचे बूच काढायला धावतो. समुद्रावरचा माणूस वाळवंटात सुकतो आहे. फ्रेंच ‘हॅडॉक’ला यापेक्षा चपखल चित्र कोणते मिळणार? एर्जेने हे ठरवून केले असे म्हणण्याची गरज नाही. नावात दडलेली शक्यता कथेने ओळखली, एवढे पुरेसे आहे.

या टप्प्यावर नाव केवळ शरीराचे आहे. त्याला घर नाही, नातलग नाहीत, पहिले नावही नाही. एर्जे इथेच थांबला असता, तर हॅडॉक हा दारूच्या विनोदांपुरता एक पाहुणा कलाकार राहिला असता.

२. घराण्याचे नाव

जून १९४२ मध्ये ‘ल स्वार’मध्ये ‘ला लिकोर्न’ जहाजाच्या रहस्याची कथा सुरू झाली. इंग्रजीत हेच जहाज ‘युनिकॉर्न’ झाले. जुन्या बाजारात टिनटिन जहाजाची एक प्रतिकृती विकत घेतो. ती पाहून कॅप्टन चमकतो, कारण त्याच्या घरी असलेल्या पूर्वजाच्या चित्रात मागे हेच जहाज आहे. पूर्वजाची पेटी उघडते आणि १६९८ सालची हकिकत बाहेर येते. चौदाव्या लुईच्या आरमारातले जहाज, चाचा रॅकहॅमचा हल्ला, कैद, द्वंद्व, आणि शेवटी चाच्यांसकट स्वतःच्याच जहाजाला सुरुंग लावून निसटलेला नायक.

या पूर्वजाचे नाव फ्रेंचमध्ये ‘शव्हालिए फ्राँस्वा द हादोक’ असे आहे. उच्चार जवळजवळ तोच, पण अक्षरे फ्रेंच वळणाची आणि पुढे सरदारी ‘द’. लिहिण्याच्या एवढ्याशा बदलाने इंग्रजी मासा दोन-अडीचशे वर्षे मागे गेला आणि खानदानी फ्रेंच झाला. वाचकाला आता वाटू लागते की मूळ नाव ‘हादोक’ असावे आणि ‘हॅडॉक’ हे त्याचेच कालांतराने झालेले रूप. म्हणजे व्युत्पत्तीच उलटी झाली. ताटातून आलेल्या नावाला कथेने कुळ मिळवून दिले.

हे कुळ कॅप्टनला नुसते कळत नाही, त्याच्या अंगात येते. पूर्वजाची हकिकत सांगताना तो त्याची टोपी घालतो, तलवार उपसतो, खोलीभर लढतो, आणि शेवटी पूर्वजाच्या चित्रावर असा आदळतो की कॅनव्हास फाटून त्याचे डोके चेहऱ्याच्या जागी बाहेर येते. टिनटिनच्या सगळ्या मालिकेत नावाविषयी यापेक्षा नेमके चित्र नाही. आडनाव म्हणजे दुसऱ्या कोणाच्या चौकटीत बसवलेला आपला चेहरा. कराबूजानवरचा रडका दारुडा आणि लिकोर्नचा नायक एका चौकटीत येतात, आणि दोघांत फरकही राहतो.

इंग्रजी भाषांतरकार लेस्ली लॉन्सडेल-कूपर आणि मायकल टर्नर यांनी पूर्वजाला ‘सर फ्रान्सिस हॅडॉक’ केले, लुईऐवजी राजा दुसरा चार्ल्स आणला आणि साल १६९८ चे १६७६ केले. गंमत अशी की नेमक्या त्याच राजवटीत एक खराखुरा हॅडॉक इंग्लंडच्या आरमारात नाव कमावत होता. एसेक्समधल्या ली या बंदराच्या घराण्यातला सर रिचर्ड हॅडॉक १६७२ च्या सोलबेच्या लढाईत ‘रॉयल जेम्स’ या जहाजाचा कप्तान होता. डचांच्या अग्निनौकेने ते जहाज जाळले. त्यावरचा सेनानी अर्ल ऑफ सँडविच बुडून मेला. हॅडॉक जखमी होऊन वाचला आणि पुढे आरमारी कारभारात मोठ्या पदाला चढला. त्याचा मुलगा निकोलसही ॲडमिरल झाला. पुढच्या काळातला हर्बर्ट हॅडॉक हा १९१२ मध्ये ‘ऑलिंपिक’ या जहाजाचा कॅप्टन होता. ‘टायटॅनिक’ची मदतीची हाक ऐकून त्याने जहाज तिकडे वळवले, पण अंतर फार होते.

जळत्या जहाजातून वाचलेला खरा हॅडॉक आणि काल्पनिक हादोक यांचे साम्य हा योगायोग आहे. नाव आले ते स्वयंपाकघरातूनच. पण वाचकाने या योगायोगाकडे दुर्लक्ष करू नये. लेखकाला रिकामे वाटलेले नाव प्रत्यक्षात रिकामे नसते. त्यात आधीपासून कोणीतरी राहत असते. इथे राहणारे योगायोगाने शूर निघाले. नेहमीच असे होते असे नाही.

३. जहाज, पाणबुडी आणि वाडा

१९४३ मध्ये आलेल्या पुढच्या भागात कॅप्टन आणि टिनटिन बुडालेले लिकोर्न शोधायला निघतात. याच भागात प्राध्यापक तुर्नसोल, म्हणजे इंग्रजीतला कॅल्क्युलस, पहिल्यांदा येतो. त्याने बनवलेली छोटी पाणबुडी शार्क माशाच्या आकाराची आहे. कॅप्टनला ती नको असते, पण जहाजाचे अवशेष सापडतात ते तिच्यामुळेच.

आता नावाचे तीनही अर्थ एका पानावर आले. माशाच्या रूपातली नौका, माशाचे आडनाव असलेला माणूस, आणि त्याच्या कुळाचे बुडालेले जहाज. कथेचा शेवटही याच धाग्याने होतो. त्या पाणबुडीचा हक्क विकून आलेल्या पैशातून प्राध्यापक कॅप्टनला पूर्वजांचा मुलँसार वाडा मिळवून देतो, आणि खजिना त्या वाड्याच्याच तळघरात निघतो. मासा-नौकेने माशाच्या नावाच्या माणसाला त्याचे घर परत दिले.

या वाड्याला इंग्रजी भाषांतरकारांनी ‘मार्लिनस्पाइक हॉल’ असे नाव दिले. मार्लिनस्पाइक हे खलाशाचे हत्यार, दोरखंडाचे पीळ सोडवायचा लोखंडी टोच्या. मार्लिन या माशाला त्याचे नाव याच हत्यारावरून मिळाले, कारण त्याची चोच तशी टोकदार असते. म्हणजे हॅडॉकचे नाव माशाकडून माणसाकडे आणि माणसाकडून जहाजाकडे गेले, तर मार्लिनचे जहाजावरून माशाकडे आले. भाषांतरकारांनी घराला जहाजाचा वास दिला आणि मालकाच्या नावाला हात लावला नाही. ही निवड लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कथेबाहेर हेच नाव खऱ्या पाणबुड्यांनाही मिळत होते. अमेरिकी नौदलाने दीर्घकाळ पाणबुड्यांना जलचरांची नावे दिली. १९११ मध्ये ‘हॅडॉक’ हे नाव काढून त्या पाणबुडीला ‘के-१’ हा रुक्ष क्रमांक दिला गेला. पुढे नाव परतले आणि खेकड्याची कथा संपली त्याच महिन्यात, ऑक्टोबर १९४१ मध्ये, नवी ‘हॅडॉक’ पाण्यात उतरली. अणुशक्तीवर चालणारी त्याच नावाची दुसरी पाणबुडी १९६७ च्या डिसेंबरात नौदलात आली. भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ही त्याच महिन्यातली, आणि तिचे नावही शार्कच्या एका जातीवरून घेतलेले. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या अलीकडच्या पाणबुड्यांत ‘वेला’, ‘वागीर’, ‘वागशीर’ ही माशांची नावे ‘खांदेरी’ या सागरी किल्ल्याच्या नावाशेजारी बसली आहेत. दर्यावर्दी लोकांना क्रमांक पुरत नाही. ज्याच्या भरवशावर पाण्यात उतरायचे, त्याला जिवंत नाव लागते.

वारशाविषयी या भागात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. ज्या बेटावर पूर्वज राहिला तिथल्या पोपटांच्या तोंडी त्याच्या शिव्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या आहेत. कॅप्टन त्या ऐकतो आणि ओळखतो, कारण त्या त्याच्याही आहेत. कागदपत्रांनी जे सिद्ध व्हायचे ते आधी भाषेने सिद्ध केले. माणसाचे कूळ त्याच्या नावात असते तितकेच त्याच्या बोलण्यातही असते, हे एर्जेने पोपटांकडून वदवले.

४. दुसरे नाव

इथवर वाचून एर्जे हा नावांचा उदार दाता वाटेल. तो तसा नेहमीच नव्हता. ‘ल स्वार’ हे दैनिक त्या वर्षांत जर्मन ताब्यात होते, आणि त्यात काम केल्याचा ठपका सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रसेल्स मुक्त झाल्यावर एर्जेवर आला. शत्रूच्या देखरेखीखालच्या पत्रात इंग्रजी नावाचा नायक आणला म्हणून त्यात प्रतिकार शोधणे भाबडेपणाचे होईल, कारण त्याच पत्रात त्याने पुढचीही कथा लिहिली.

ती कथा म्हणजे १९४१–४२ मधली ‘गूढ तारा’. तिच्यातही हॅडॉक आहे. आता तो दारू न पिणाऱ्या खलाशांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, आणि विनोद त्याच्या विसंगतीवर चालतो. त्याच्या विरोधात मोहिमेला पैसा पुरवणारा न्यूयॉर्कचा धनको आहे ब्लुमेनस्टाइन. नाव ज्यू, आणि चित्रही ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांच्या साच्यातले. ज्या काळात बेल्जियमच्या ज्यूंवर प्रत्यक्ष संकट कोसळत होते त्या काळातले.

युद्धानंतर आवृत्ती बदलताना एर्जेने हे नाव काढून ‘बोहलविंकल’ केले. ब्रसेल्सच्या बोलीत ‘बोलेविंकेल’ म्हणजे मिठाईचे दुकान. त्याला वाटले, आता हे निरुपद्रवी झाले. मग कळले की बोहलविंकल हेही ज्यू कुटुंबांचे खरे आडनाव आहे.

हॅडॉक आणि बोहलविंकल. दोन्ही नावे खाण्याच्या गोष्टींतून आली, दोन्ही गमतीने दिली, दोन्हींत आधीपासून खरी माणसे राहत होती. फरक पडला तो कथेच्या वागणुकीत. हॅडॉकला एर्जेने वेळ दिला. नावाला इतिहास, घर, चूक आणि पश्चात्ताप दिला. धनकोला यांतले काहीच मिळाले नाही. तो एका चेहऱ्यात गोठला, आणि गोठलेल्या चेहऱ्याचे नाव कितीही वेळा बदला, अपमान जागेवरच राहतो. दोष अक्षरांत नव्हता, चित्रात होता. ‘नावात काय आहे’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा पडतो. नावाला कथेत किती जागा मिळाली, हेही विचारावे लागते.

हे आपल्यालाही परके नाही. वाघ, कोल्हे, लांडगे, गाढवे, ढेकणे, डुकरे अशी आडनावे मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. गावात, चार ओळखीच्या लोकांत गाढवे हे फक्त गाढवे असतात. नव्या शाळेच्या पहिल्या हजेरीत मात्र त्या नावातला प्राणी पुन्हा जागा होतो. राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलणाऱ्याला हा फरक कोणत्याही समीक्षकापेक्षा अधिक ठाऊक असतो.

५. मराठीत कॅप्टनचे काय करावे?

मराठीत रूपांतराची परंपरा जुनी आणि समर्थ आहे. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला. पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याची आणि मार्लिनची कथा मराठीत आणताना ‘एका कोळियाने’ हे शीर्षक दिले, आणि मासेमार, पुन्हा पुन्हा जाळे विणणारा जीव, जमात आणि आडनाव हे ‘कोळी’चे सगळे अर्थ एका शब्दात हजर केले. ही शक्ती हाताशी असताना हॅडॉकचे मराठी करण्याचा मोह होणारच. ‘कॅप्टन बोंबले’ हे नाव तर आयते समोर येते. त्यात सुका बोंबीलही आहे आणि बोंबलणेही. पहिल्या कथेपुरते ते मूळ नावापेक्षाही सरस ठरेल.

पण दुसऱ्या कथेत ते अडेल. पूर्वजाला कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात नेता येईल. इंग्रजांनी दुसऱ्या चार्ल्सकडे नेलेच होते. तरी ‘सरदार बोंबले’ म्हटल्याबरोबर चौकटीतून डोके बाहेर काढणारा माणूस पुन्हा नुसता विदूषक होईल. अर्थ उघडा असलेले नाव हसवते खरे, पण वाढत नाही. फ्रेंच वाचकालाही ‘हॅडॉक’ अर्धे कळणारे आणि अर्धे परके होते. त्या परक्या अर्ध्या भागातच घराण्याला जागा मिळाली. आपल्याकडचे जवळचे उदाहरण ‘मगर’चे. तो जलचर आहे, आडनाव आहे, आणि आपल्या नौदलाच्या जहाजाचेही ते नाव होते. पुण्यात ‘मगरपट्टा’ म्हणताना कोणाला सुसरीची बहीण आठवत नाही. वापराने प्राणी झाकला गेला आहे. लेखकाला हवा तेव्हा तो उघडता येईल. चांगल्या कथानावाला असे झाकण लागते.

म्हणून मराठीत हॅडॉक हा हॅडॉकच राहावा. मासा हरवेल, हे नुकसान खरे आहे. पण दुसऱ्या कथेपर्यंत तो मूळ कथेतूनही बऱ्यापैकी मागे पडलेला असतो. मोकळीक घ्यायची ती शिव्यांत. फ्रेंच कॅप्टन हजार तोफखिडक्यांची शपथ घेतो; इंग्रजी कॅप्टन जहाजाच्या बुडाला चिकटणाऱ्या शिंपल्यांसारख्या जिवांच्या नावाने ओरडतो. तिथे भाषांतरकारांनी शब्द सोडला आणि आवाज पकडला. मराठीत तर किनाऱ्याची, बाजाराची आणि तमाशाची अशी तिहेरी शिवीसंपत्ती आहे. पोपटांनी जपावा असा वारसा तिच्यातून नक्की उभा राहील.

मालिकेतच या निर्णयाला एक आधार आहे. गायिका बियांका कास्टाफिओरे कॅप्टनचे नाव कधीच नीट घेत नाही. दरवेळी नवे रूप, बहुतेकदा शेवटचा ठसका तेवढा कायम. १९६३ च्या तिच्या पाचूच्या कथेत हा विनोद पानोपानी येतो, आणि तो चालतो कारण तोवर कॅप्टनला आपल्या नावाचा अभिमान वाटू लागलेला आहे. कराबूजानवरच्या दारुड्याला कोणी काहीही हाक मारली असती तरी लागले नसते. आर्चिबाल्ड हे त्याचे पहिले नाव एर्जेने १९७६ च्या ‘पिकारोज’मध्ये उघड केले, पस्तीस वर्षांनी. वाचकांच्या ते फारसे लक्षात राहिले नाही. तोवर आडनावच पुरेसे झाले होते.